पन्नास बटणं

तळ्याच्या वाटेवरच्या पाटीपाशी उभं राहून वडिलांनी बटणं मोजली आणि एकेक करून पँटच्या डाव्या खिशात टाकली. पांढरी, करडी, एक कोटाचं मोठं. सगळी मिळून पन्नास.

"शंभर पावलं झाली की एक बटण उजव्या खिशात," ते म्हणाले. "माझं पाऊल सध्या साठ सेंटिमीटरचं आहे. तुझ्या हॉलमध्ये मोजून घेतलंय."

"माझ्या मनगटावर घड्याळ आहे, बाबा. ते मोजेलच."

"ते तुला मोजेल. मला कसं मोजेल?"

मुलीने मनगटावरचं घड्याळ सुरू केलं. वडिलांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली होती. पाटीवरचा 'तळ्याची फेरी – ३ कि.मी.' हा आकडाही त्यांचाच. ती शाळेत होती तेव्हा मोजणीचं चाक ढकलत त्यांनी तो काढला होता. आता ती स्वतः शाळेत जीवशास्त्र शिकवत होती, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गेले तीन महिने वडील तिच्याकडे राहत होते. त्यांच्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. करार साधा होता. तीन किलोमीटर, न बसता, कुणाचा हात न धरता. जमलं तर किल्ली परत. नाही जमलं तर त्यांनी कायमचं तिच्याकडे राहायचं, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही.

वाट बहुतेक सपाट होती, मध्ये एकच चढ. वाळलेल्या पानांचा थर, मधूनच एखादं मूळ, आणि खोडांच्या फटींतून दिसणारं पाणी. वडील पुढे निघाले. नव्या गुडघ्याचा पाय जुन्यापेक्षा थोडा अलगद पडत होता, पण पडत होता.

पहिल्याच वळणावर तिला एका खोडावर शेवाळ दिसलं. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. पुढची पावलं थांबली, मग परत जवळ आली.

"मास्तरीणबाई, चालायला आलाय की पंचनाम्याला?"

"बघा तरी. बीजाणुकोश आलेत."

त्यांनी वाकून भिंगातून पाहिलं. "हं. टोप्या घातल्यात लेकांनी." आणि वळून पुन्हा पुढे.

चढावर मात्र त्यांचा श्वास तिला ऐकू आला. तेवढंच ते उभे राहतील म्हणून ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी सुटलेली नव्हती. ते उभे राहिले नाहीत. उतरून तिच्यापर्यंत आले.

"काय झालं?"

"नाडी."

"बांध. घाई नाही."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यांना दम खायला मिळावा म्हणून ती थांबली होती, आणि त्यापायी त्यांना तोच चढ दुसऱ्यांदा चढावा लागणार होता. यापुढे थांबायचं नाही, असं तिने ठरवलं. पण आधी एक निळसर पीस निघालं, मग ओल्या फांदीवर दोन गोगलगाई, मग कसलं तरी पोखरलेलं पान. ती वाकली की पुढची पावलं थांबायची, आणि परत यायची.

वाट संपत आली तिथे पाण्याकडे तोंड केलेला एक बाक होता. वडील त्याच्यासमोर उभे राहिले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने टिपला.

'बसा' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला. रोज सकाळी साडेसहाला ते तिच्या स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट करत चहा टाकायचे. पहिला आठवडा तिने उशी कानावर घेतली होती. आता गजर लावायची गरज उरली नव्हती.

तिने ओठ मिटले आणि पाण्याकडे पाहत राहिली.

"बाक बरा आहे," वडील म्हणाले. डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात गेलं. "पुढच्या वेळी."

पाटी दिसली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. मग काच पुसून पुन्हा पाहिलं.

"बाबा! दोन पूर्णांक दोनच भरलेत. तुमची पाटी चुकलीये!"

वडील थांबलेच नव्हते. पाटीसमोर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होते.

"अहो, पोचलो आपण!"

"एक बटण राहिलंय. मध्ये बोलू नकोस, आकडा चुकेल."

शंभर झाल्यावर त्यांनी कोटाचं बटण उजव्या खिशात टाकलं आणि डावा खिसा उलटा करून दाखवला. रिकामा.

"तीन किलोमीटर," ते म्हणाले.

"आणि फेरी?"

"फेरी दोन पूर्णांक दोनच आहे." त्यांनी पाटीच्या खांबाला हात टेकला. आता टेकायला हरकत नव्हती. "मोजणीच्या दिवशी तुझी आई बरोबर आली होती. दर थोड्या वेळाने मागे राहायची. मी चाक घेऊन परत जायचो. उलटं ओढत नेलं असतं तर आकडा कमी झाला असता. मी वळून, ढकलत जायचो. आठेक वेळा, पन्नास-पन्नास मीटर. जाऊन-येऊन बघ किती होतात."

"आठशे," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच संध्याकाळी. पाटी रंगवून आली नव्हती अजून."

"मग बदलली का नाही?"

वडिलांनी खांबावरचं कोळ्याचं जाळं बोटाने काढून टाकलं. "राहू दे म्हटलं. कुणी फार वेगात चाललं, तर त्याला कमी भरेल. भरू दे."

तिने पर्समधून किल्ली काढली. त्यांनी ती उजव्या खिशात, बटणांत टाकली आणि फाटकाच्या दिशेने निघाले.

ती पाटीपाशीच उभी राहिली. खांबाच्या बुंध्याशी शेवाळाचा एक लहानसा ठिपका होता. अगदी साधा, शहरात भिंतीभिंतीवर असतो तसला. ती खाली बसली, भिंग डोळ्याला लावलं आणि कान देऊन वाट पाहू लागली.

पानांवरची पावलं थांबली. मग परत जवळ येऊ लागली.