शुक्रवारचा पेला

आनंदीबाईंचा नेम साधा होता, पण तो पाळायला दुसरं माणूस लागायचं. यजमान शशिकांतराव गेले त्या वर्षी त्यांनी देवापुढे पाणी सोडलं, की दुपारी कुणा एकाच्या मुखी घास पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही. गावी असत्या तर पोस्टमनसुद्धा चालला असता. एडमंटनमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या त्या कॉन्डोत, ऐन हिवाळ्यात बाराव्या मजल्यावर कोण येणार? मुलगा तनय तिकडे दूर, वॉन शहरात. तो म्हणायचा, "आई, मी व्हिडिओ कॉलवर जेवतो. ते धर की." देवाला असली पळवाट दाखवायची आनंदीबाईंना लाज वाटे.

म्हणून समोरच्या दारातली ग्रेटे. व्हिएन्नाची, नव्वदीला टेकलेली, एकटी. पहिल्या दिवशी आनंदीबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिनं साखळी न काढताच फटीतून पाहिलं होतं.

"मी काही मागवलं नाही."

"माहीत आहे. पण तुम्ही खाल्लं नाहीत तर मला उपास घडेल."

"असं ब्लॅकमेल मला आजवर कुणी केलं नव्हतं," म्हणत ग्रेटेनं साखळी काढली.

तेव्हापासून रोज दुपारी ती काठी टेकत यायची. वरणाला पिवळं सूप म्हणायची आणि दोनदा घ्यायची. आनंदी हे नाव तिच्या जिभेवर अर्धंच बसलं. ती 'नंदी' म्हणे. देवळाबाहेर बसलेला बैल आठवून आनंदीबाईंना हसू येई, पण त्यांनी तिचा उच्चार कधी सुधारला नाही. नवरा गेल्यापासून कुणी त्यांना नावानं हाक मारत नव्हतं.

बोलणं व्हायचं ते गुडघ्यांचं, बर्फाचं, फोन न करणाऱ्या मुलांचं. व्हिएन्नातल्या ट्रामचे थांबे ग्रेटे शाळेतल्या पाढ्यासारखे म्हणून दाखवायची. देशाबद्दल मात्र तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "जर्मन आले आणि आमचा देश गिळला. पहिले बळी आम्ही." आनंदीबाई मान डोलवायच्या. ज्याचा देश गिळला गेला त्याला आणखी काय विचारायचं?

गेल्या दिवाळीत ग्रेटेनं रुमालात गुंडाळून चांदीचा एक पेला आणला. छोटा, उभट, काठाशी द्राक्षवेलीसारखी नक्षी. "माझ्या आईकडचा. प्रार्थनेचाच आहे. तू रोज देवापुढे बसतेस, तुझ्याकडे असू दे." एवढं बोलून ती गेली. बसली नाही, करंजीलाही हात लावला नाही. आनंदीबाईंच्या ते लक्षात आलं होतं. पण पेला देखणा होता. त्यांनी आपलं तांब्याचं पंचपात्र कपाटात ठेवलं आणि त्या दिवसापासून पूजेचं पाणी त्या पेल्यात घेऊ लागल्या.

गुडघ्यासाठी नेओमी नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. तरुण, बोलकी मुलगी. जानेवारीत एके दिवशी व्यायाम आटोपून ती हात धुवायला निघाली आणि देव्हाऱ्यापाशी थबकली.

"हा तुमच्याकडे कसा?"

"मैत्रिणीनं दिला. का गं?"

"ही वेल नाही, अक्षरं आहेत. आमची, ज्यूंची. शुक्रवारी संध्याकाळी अशाच पेल्यात वाइन घेऊन आमच्या घरी प्रार्थना म्हणतात." नेओमी वळली. "मैत्रीण कुठली?"

"व्हिएन्नाची."

नेओमीनं पेला उचलला, दोन्ही हातांनी परत ठेवला, आणि बूट घालताना खाली बघूनच म्हणाली, "ज्यांचा होता त्यांचं नाव कळलं तर शोधता येतं. अशी घराणी शोधणारी माणसं आहेत."

त्या संध्याकाळी आनंदीबाईंना वडील आठवले. कुरुंदवाडचे भिक्षुक. शनीची पीडा असलेला माणूस तेल, उडीद, लोखंड त्यांच्या ओंजळीत टाकून हलका होऊन निघून जायचा, आणि वडील घरी येऊन जपाला बसायचे. "देणारा सुटला," ते म्हणत, "आता हे मला जिरवायचं आहे." लहानपणी आनंदीबाईंना त्या तेलाच्या बुधलीची भीती वाटायची.

त्यांनी पेला देव्हाऱ्यातून काढला. कुठे ठेवावा कळेना. शेवटी जेवणाच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्रेटे आली, खुर्ची ओढून बसली, आणि तिला तो दिसला.

"ग्रेटे, हा कुणाचा?"

"तुझा. मी दिला ना तुला?"

"त्याआधी?"

"आईचा."

"आणि आईच्या आधी?"

ग्रेटे भात कालवत राहिली. "वरच्या मजल्यावरच्यांचा," ती म्हणाली, जणू हवामान सांगत होती. मग थोडं थोडं बोलली. जर्मन आले त्या दिवशी सगळी गल्ली रस्त्यावर होती. तिच्या आईनं त्या सैनिकांवर फुलं टाकली, आणि ग्रेटेला नीट दिसावं म्हणून घरातली खुर्ची फुटपाथवर नेली. त्याच वर्षी थंडी सुरू होताना वरच्यांना घरातून काढलं. कुठे नेलं, कुणी विचारलं नाही. दार उघडं राहिलं.

"संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग वर जाऊन आली. कुणी गाद्या आणल्या. आईनं चमचे आणले, आणि हा. म्हणाली, आपण नाही नेला तर रखवालदार नेईल. नंदी, मी अकरा वर्षांची होते."

"हो. पण मग बाराच्या झालात, विसाच्या झालात, इथं आलात."

"आमचा देशच उरला नव्हता. तक्रार करायची कुणाकडे?"

"तक्रारीचं नाही विचारत. त्यांचं नाव काय होतं?"

"आठवत नाही."

ट्रामचे सगळे थांबे पाठ असलेली बाई ती. आनंदीबाईंनी पेला तिच्यापुढे सरकवला.

"मला का दिलात?"

ग्रेटेचा चमचा थांबला. "तू चांगली आहेस. वाटलं, तुझ्या देवापाशी तो स्वच्छ होईल."

"माझे वडील असली दानं घ्यायचे," आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "पण देणाऱ्याला आधी नाव सांगावं लागायचं. नाव घेतल्याशिवाय ते पोचतच नाही कुठे. माझ्या घरात नुसतं पडून राहील."

ग्रेटे काठीचा आधार घेऊन उठली. दारापाशी वळली. "मी एक घासही खाल्लेला नाही. म्हणजे तूही जेवणार नाहीस. बघू आता कोण कुणाला छळतं."

त्यानंतर ते दार उघडलं नाही. आनंदीबाई रोज ताट घेऊन जायच्या, टकटक करायच्या. आतला टीव्ही गप्प व्हायचा. गुडघा उभं राहू देईना म्हणून त्यांनी घरची खुर्ची आणून दारासमोर मांडली. लिफ्टची दारं उघडत, लोक उतरत, 'हाय' म्हणून पुढे जात. मग त्या ताट परत आणत, भात बाल्कनीत मॅगपाय पक्ष्यांना घालत, आणि स्वतः दूध-केळं खात.

"आई, अगं लॉबीतल्या गार्डला वाढ," तनय फोनवर चिडला. "नेम कुणाशीही पुरा होतो ना?"

होत होता. गार्ड आनंदानं जेवला असता. आनंदीबाई त्यावर एक अख्खी दुपार विचार करत बसल्या. बाहेर चार वाजताच अंधारून आलं. नेम गार्डाशी पुरा झाला असता, पण मग या दारावर टकटक करायला निमित्त उरलं नसतं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तनयला सांगण्यासारखी नव्हती. दिवाळीत ग्रेटे न बसता गेली तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं तर ही एकुलती एक हाक मारणारी हातची जाईल, ही धास्ती तेव्हाही होतीच.

एका दुपारी साखळीपुरतं दार उघडलं. ग्रेटेचा चेहरा चार दिवस न धुतल्यासारखा दिसत होता.

"लोक काय म्हणतील, नंदी?"

"लोक बघत नाहीत."

"हो," ग्रेटे म्हणाली. "लोक बघत नाहीत." मग तिनं दाराची कड धरली. "पोलाचेक. वडील याकोब. आईचं नाव मला कधी कळलंच नाही, ती आमची फ्राऊ पोलाचेक, पोलाचेकबाई. मुलगी लिली, माझ्याच वयाची. आम्ही जिन्यात बटणं खेळायचो."

आनंदीबाईंनी ताट मांडीवर टेकवलं.

"त्यांना नेत होते तेव्हा लिलीनं आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला. ते आईनं नाही केलं. ते मी." दार लागलं.

आनंदीबाईंनी घरी जाऊन नेओमीला फोन लावला आणि नावं सावकाश, परत परत सांगितली. नेओमीनं ती लिहून घेतली. म्हणाली, "पेला मी नेईन. पण तुमच्या मैत्रिणीनं स्वतः सांगायला हवं. तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं."

"ती येणार नाही म्हणेल."

"मग?"

"मग उद्या परत विचारीन."

तांब्याचं पंचपात्र त्यांनी चिंचेनं घासून देव्हाऱ्यात ठेवलं. पेला स्वच्छ कापडात बांधून दाराजवळच्या टेबलावर ठेवला, पाहुण्याची वस्तू ठेवावी तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या. दार पुन्हा साखळीपुरतंच उघडलं.

"नेओमी गुरुवारी येते. तिला तुम्ही सांगाल?"

"नाही."

"बरं. उद्या विचारते."

साखळी निघाली नाही. पण थोड्या वेळानं फटीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. हातात चमचा होता. आनंदीबाईंनी ताट जवळ धरलं, आणि भरलेला चमचा आत गेला. आतून चमचा दातांना लागल्याचा, मग गिळल्याचा आवाज आला.

"गार झालंय सूप," ग्रेटे म्हणाली, आणि दार लावलं.

आनंदीबाई घरी आल्या. किती दिवसांनी स्वतःचं पान मांडलं, ग्रेटेच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ होईल असं. वरणभात कालवला. घास तोंडात घेतला, आणि वडील जपाला बसायचे तशा सावकाश चावत राहिल्या.