भिंतीकडे तोंड

बाळ रडायला लागलं तसा खुडबुड्या उठला, शेपूट पायांत घातलं आणि दाराआडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. घरात बाळ अजून यायचं होतं. हे रडणं यंत्रातलं होतं. बहिणीच्या तान्हुल्याचं, कुत्र्याला सवय व्हावी म्हणून मुद्दाम टिपून आणलेलं.

"बघ, शहाणा झाला हो," आई सुनेला म्हणाली. "नाहीतर काय धिंगाणा घालायचा मेला!"

सुनेने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याने मान खाली घालून यंत्र बंद केलं.

गल्लीत त्याला सगळे भोंगेवाला म्हणत. फाटलेल्या स्पीकरचा कागदी पडदा बदलावा तर त्यानेच. पंधरा दिवसांपूर्वी त्याने हे रडणं घरात पहिल्यांदा लावलं, तेव्हा या दहा महिन्यांच्या कुत्र्याने थेट स्पीकरवर उडी घेतली आणि पडदा टराटरा फाडला. आईच्या काळजाचं पाणी झालं. उद्या बाळावर अशी झेप घेतली तर, तिने विचारलं. आणि बाळंतपणाआधी हा सुधारला नाही तर त्याला लांब कुठेतरी सोडून यायचं, असं बजावलं. तिचं चुकलं असं म्हणायलाही जागा नव्हती. बायको त्या दिवशी दोन घास कमीच जेवली.

भोंग्याचा दोष हळू आवाजात लपतो, आवाज पुरता चढवला की उघडा पडतो. धंद्यातलं हे शहाणपण त्याने घरी आणलं. दोघी दवाखान्यात तपासणीला गेल्या असताना त्याने दारं लावली, आवाज शेवटपर्यंत चढवला, आणि खुडबुड्या भुंकला तसा हातातल्या वायरीचा फटका ओढला. असे तीन फटके. चौथ्या वेळी वायर उचलावी लागली नाही.

कसं शिकवलंत, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बिस्किटं दाखवून. तेव्हापासून बिस्किटांचा डबा तिने त्याच्या हाताशी, खालच्या फळीवर ठेवला होता.

त्या दुपारी आई शेजारी गेली होती, तो घरीच होता. बायको इवल्या टोपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पाय सुजलेले, कंबर धरलेली. कशाचं निमित्त नाही नि तिला रडू फुटलं. तिचं रडणं एरवी सगळ्यांच्या आधी खुडबुड्याला कळायचं. गुपचूप येऊन तो तिच्या मांडीवर हनुवटी टेकायचा. तिने सवयीने मांडीवरची टोपडी बाजूला सारली, जागा केली.

खुडबुड्या उठला आणि कोपऱ्यात गेला.

"मी काय केलं याचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

देवाला चूक सांगणं सोपं असतं, त्याला ती आधीच ठाऊक असते. तिला सांगणं तसं नव्हतं. तरी सांगितलं. वायरीचंही सांगितलं.

तिने घडी घातलेलं टोपडं पुन्हा उलगडलं. मग म्हणाली, "बिस्किटं म्हणाला होतात तुम्ही."

"त्याला घालवावं लागू नये म्हणून केलं गं. आपल्यापाशी राहावा म्हणून."

"राहिला की." तिने कोपऱ्याकडे पाहिलं. "पण आपलं बाळ तर रडतच येणार ना?"

दुसऱ्या दिवसापासून तो दुकान लवकर बंद करून यायचा. रडण्याचा आवाज मुंगीच्या पावलाएवढा ठेवायचा आणि तळहातावर बिस्किट घेऊन खुडबुड्याशेजारी कोपऱ्यात बसायचा. घामाने बिस्किट मऊ व्हायचं, हातावर तसंच राहायचं. शिकलेल्याला काय पुन्हा शिकवतोस, असं आईने एकदा हटकलं.

"त्याला नाही शिकवत," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. दाराशी गाडी येऊन उभी राहिली. खुडबुड्या तिच्या पायांत घोटाळत होता. तिने चौकट धरली, दात आवळले. हूं की चूं नाही.

"ओरड गं बाई, मोकळी हो," आई म्हणाली. "परकं कोण आहे इथे?"

तिने खुडबुड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुढच्या कळेला मात्र तिचा इलाज चालला नाही. तिच्या तोंडून रडं फुटलं.

खुडबुड्या कोपऱ्याकडे वळला.

आई तिला धरून पायऱ्या उतरली. पिशवी खांद्याला लावून तो मागे राहिला, कोपऱ्यापाशी वाकला. हात पुढे करायचा त्याला धीर झाला नाही.

"खुडबुड्या," तो म्हणाला, "येतो रे आम्ही."

खुडबुड्याने तोंड वळवलं नाही. शेपटी मात्र फरशीवर एकदा, हलकेच आपटली.