लाल ज्वारी कुणी खाल्ली?

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली गावच्या हायस्कुलात मल्लिकार्जुन सर बदलून आले आणि त्यांनी नववीच्या पोरांना भलतंच खूळ लावून दिलं. जगाचा इतिहास म्हणजे घोकंपट्टी, एवढंच पोरांना ठाऊक. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जग आपल्या गावात कधी आलं, कसं आलं, ते तुम्हीच हुडका. प्रश्न तुमचा, उत्तरबी तुमचं. अट एकच. जो सांगंल त्याचं नाव खाली पायजे. बिननावाचं बोलणं म्हंजे पारावरच्या गप्पा." ज्याचं काम सगळ्यांत चांगलं, ते लातूरला जाणार होतं, नव्या जिल्ह्याच्या पहिल्या शालेय प्रदर्शनाला.

ईश्वरप्पाच्या सिद्धेश्वरनं फ्रान्सची राज्यक्रांती धरली. दाढीच्या पात्याचं एक यंत्र करून तो दिवसभर वांग्यांची मुंडकी उडवत बसायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. रत्नम्माच्या जगदेवीनं धरली लाल ज्वारी. बाहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेहून बोटीनं आलेली, मिलो म्हणायचे ती.

रत्नम्मानं हे ऐकलं आणि परातीतली भाकरी थापता थापता तिच्या हातात मोडली.

"दुसरं कायबी घे की. खाण्यापिण्याचा कुठं इतिहास असतोय व्हय?"

"असतोय, अव्वा. त्याच साली रशियातबी पीक बुडालतं. त्यांनीबी अमेरिकेचाच गहू नेला. सरांनी जुनी वर्तमानपत्रं दावली. तिकडं एवढा मोठा रशिया आन् इकडं आपलं गाव, दोघंबी एकाच दुकानाच्या रांगेत!"

पोरीचे डोळे असे चमकत होते की रत्नम्मानं विषय बदलायचा नाद सोडला. "मग आपण खाल्लेली का ती?" जगदेवीनं वही उघडून विचारलं. रत्नम्मा चुलीकडं तोंड करून म्हणाली, "न्हाई. आपलं जमिनीतलं धान्याचं पेव भरल्यालं होतं. आपण पांढरीच खाल्ली."

पंधरा दिवस जगदेवी दारोदार फिरली. बायका ज्वारीचं वर्णन करायला लागल्या की थांबत नव्हत्या. लालभडक होती, आधण घालून उकड काढावी लागायची, तरी भाकरीच्या कडा फुटायच्या, घशाखाली उतरता उतरायची नाही. "मग तुम्ही खाल्ली?" असं विचारलं की वर्णन थांबलंच. "आम्ही? छ्या! आमच्या पेवात पांढरी होती. त्या खालच्या आळीनं खाल्ली." खालच्या आळीत गेलं की बोट वरच्या आळीकडं. गाड्या भरभरून ज्वारी गावात आली, महिनोन्‌महिने चुली पेटल्या, आणि खाणारं तोंड विचाराल तर एकही नाही. उंदरांनी खाल्ली म्हणावं, तर त्या साली उंदीरसुद्धा गाव सोडून गेले होते.

एका दुपारी जगदेवी पाण्याला गेली होती. रत्नम्मा चौथी शिकलेली. तिनं वही उचलली आणि अक्षरावर बोट ठेवून वाचत गेली. बेचाळीस नावं होती आणि प्रत्येकापुढं एकच, आम्ही खाल्ली नाही. शेवटी तिचंच नाव. 'रत्नम्मा वीरण्णा, माझी आई. आमच्या घरी पेव भरलेलं होतं.' त्याच्या खाली सुबक अक्षरात एक ओळ होती. 'आई खोटं बोलत नाही, म्हणून हे खरं धरलं आहे.'

रत्नम्मानं वही मिटली. लोकांशी खोटं बोलणं वेगळं, पण पोरीनं ते इतिहास म्हणून लिहून ठेवलं होतं.

खरं होतं ते असं. पेव तळापर्यंत रिकामं होतं. सासरे महादेवप्पा त्याच्या तोंडावर फरशी टाकून, वर बाज मांडून बसायचे, म्हणजे कुणी उघडायला नको. पाटलाचं घर, सून खडी फोडायला गेली तर इज्जत गेली. मग रत्नम्मा गावाजवळच्या दुष्काळी कामावर गेलीच नाही. तीन कोस चालून निलंग्याच्या रस्त्याच्या कामावर गेली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मुकादमाला नाव सांगितलं नागुबाई. खडीच्या ढिगाशी बसली आणि शेजारी बघते तर पलीकडच्या वाड्यातली कमलम्मा! तिनंही नाव लावलं होतं साखराबाई. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनी पदर आणखी खाली ओढले. पाच महिने मांडीला मांडी लावून खडी फोडली आणि त्या मजुरीवर लाल ज्वारी घरी नेली. "नागुबाई, हातोडा दे." "घे, साखराबाई." गावात मात्र महादेवाच्या देवळात भेटल्या की एकमेकींना आपापल्या भरल्या पेवांच्या थापा मारायच्या. दहा वर्षं झाली, दोघींनीही ब्र काढला नव्हता.

शनिवारी सकाळी शाळेत निवड होती. गाव लोटलं होतं. वांग्यांची कत्तल झाली, टाळ्या पडल्या. जगदेवीनं भिंतीवर नकाशा लावून अमेरिकेपासून मुंबईपर्यंतची बोट आणि मुंबईपासून लातूरपर्यंतची रेल्वे दाखवली. सरांनी वही दोनदा चाळली. त्यांचा चेहरा उतरला.

"जगदेवी, काम लई चांगलं हाय गं. पर 'मी खाल्ली' म्हणणारं एकबी नाव न्हाई. अट ती अट. सिद्धेश्वरचंच पाठवावं लागंल."

जगदेवीनं मान खाली घातली. रडली नाही, पण हनुवटी थरथरली. ती हनुवटी बघितली आणि रत्नम्मा बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली.

"सर, ते पेवाचं खोडा. मी पोरीला खोटं सांगितलं. पेव रिकामं होतं. लाल ज्वारी मी खाल्ली. खडी फोडून आणली, कुणाच्या दारात हात पसरला न्हाई."

तिचा नवरा वीरण्णा पुरुषांच्या रांगेत बसला होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "हाव. खरं हाय."

जगदेवीनं आईकडं बघत वहीचं ते पान उघडलं. मग पेन सरसावून, जसं परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "नाव?"

"रत्नम्मा वीरण्णा. आन् कामावरचं नाव नागुबाई. तेबी लिही."

जगदेवी लिहायला लागली. तेवढ्यात मागून ठसक्यात आवाज आला.

"नागुबाई, एकलीच मोठेपणा घ्यायलीस व्हय?" कमलम्मा पदर खोचून उभी होती. "पोरी, माझंबी लिही. आन् हेबी लिही, की हिच्यापेक्षा माझी खडी बारीक असायची."

"तुझी? मुकादम तुझा ढीग दोनदा फोडायला लावायचा की!"

लोक हसले, आणि हसता हसता खालच्या आळीतली गुणाबाई उठली, मग जगदेवीनं ज्यांची नकारघंटा लिहिली होती त्यातल्या आणखी कितीतरी उठल्या. सर म्हणाले, "सावकाश, एकेक, रांगेनं." बायका रांगेत उभ्या राहिल्या. जगदेवी प्रत्येकीला कामाची जागा विचारून घेत होती, अंदाजपंचे कुणी सांगितलं की "नीट आठवा" म्हणून दटावत होती. रत्नम्माला वाटलं, कलेक्टर आला तरी एवढ्या रुबाबात बसणार नाही. तिची छाती अभिमानानं भरून आली. ते लपवावं असंही तिला वाटलं नाही.

रांग संपली. जगदेवीनं पेन मिटलं.

"एक राहिलं की," रत्नम्मा म्हणाली.

"कोण?"

"तू. चार वर्षांची होतीस. रोज रडायचीस, पर ताटात कण ठेवत न्हवतीस. लिही."

जगदेवीनं पेन पुन्हा उघडलं. सगळ्या बायकांच्या नावांखाली तिनं आपलं नाव घातलं, आणि पुढं लिहिलं, मी खाल्ली.