तिसऱ्या दाराची कडी

मी कडी बोलतेय. मुलींच्या संडासातल्या तिसऱ्या दाराची. नाक मुरडू नका. शाळेतल्या मुली फळ्याकडे बघोत न बघोत, माझ्याकडे दिवसातून एकदा तरी येतातच. आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, चार भोकं पाडली, सळई सरकवली, झालं. सुताराने मला या दारावर चार स्क्रूंनी पिळलं आणि जन्माचं काम ठरून गेलं. आतल्या माणसाने मला सरकवलं की बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही. बारा वर्षं मी एवढंच केलं आणि नीट केलं.

दार लावल्यावर मुली काय काय करतात ते मला विचारा. गुण कमी पडले म्हणून रडतात. न येणारी उत्तरं तळहातावर लिहितात. एक तर बाईंच्या नकला करून एकटीच खिदळायची. मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

नववीतल्या एका मुलीला सगळे ‘शिट्टी’ म्हणायचे. ती आत येऊन इतकी सुरेख शिट्टी वाजवायची, की बाहेर हात धुणाऱ्या मुली नळ बंद करून ऐकायच्या. तेव्हा त्या नावात लाड होता.

मग चिठ्ठीचं झालं. नळापाशी दिवसभर तीच चर्चा, त्यामुळे मला सगळं तोंडपाठ आहे. शिट्टीने शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीला लिहिलं होतं, ‘तू जवळ असलीस की माझी सोपी गणितंही चुकतात. मला तू आवडतेस. तुला मी नाही आवडले तरी चालेल, पण बोलणं सोडू नकोस.’ ही चिठ्ठी वर्गाच्या मॉनिटरला सापडली. तिने बाकावर उभं राहून ती सगळ्यांना वाचून दाखवली. तेवढ्यात गणिताच्या बाई वर्गावर आल्या. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. मॉनिटरला साधं ‘खाली उतर’ सुद्धा म्हणाल्या नाहीत. बाईच हसल्या म्हटल्यावर पोरींना रान मोकळं झालं.

मुलीला मुलगी आवडत असेल तर तिला लेस्बियन म्हणतात. चांगला, सरळ शब्द आहे. तोच कुणीतरी शिट्टीच्या नावापुढे माझ्या दारावर काळ्या पेनाने लिहिला, शिवी म्हणून. साफसफाईच्या मावशींनी हाताची सालं जाईपर्यंत घासून तो पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेला.

शिट्टी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायला लागली. डबा घेऊन. वर्गात कुणी तिच्याशेजारी बसेना, म्हणून ती संडासात उभ्याने जेवायची. वास येऊ नये म्हणून घास तोंडात टाकताना श्वास धरायची. शिट्टी वाजवणं बंद झालं होतं.

एकदा मॉनिटर आणि तिच्या तिघी मैत्रिणी मागोमाग आल्या. दारावर लाथा घातल्या, वरून पाणी ओतलं. शिट्टीचा डबा भिजला. “बाहेर ये, चष्मेवालीला घेऊनच बसलीयस का आत?” असं चाललेलं. माझा एक स्क्रू अर्धा बाहेर आला, पण मी हलले नाही. शेवटी मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा चौघी पांगल्या.

मावशी तशाच ओल्या हातांनी मुख्याध्यापिकांकडे गेल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मावशींनी चौघींची नावं सांगितली. मला वाटलं, आता तरी न्याय होईल.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्याने आम्हा पाचही कड्यांना काढलं.

भिंतीवर सूचना लागली, ‘मुलींच्या सुरक्षिततेसाठी दारांच्या कड्या काढण्यात आल्या आहेत.’ लाथ घालणाऱ्या मोकळ्या आणि दार धरून ठेवणारी मी गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. “आत दार लावून ह्या मुली काय करतात कोण जाणे, उद्या काही झालं तर शाळेचं नाव जाईल,” असं मोठ्या बाई सुताराला म्हणाल्या. मुलीचं काय जाईल, ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

सुताराने आम्हाला कचऱ्यात टाकलं. मावशींनी मला एकटीला उचललं, स्क्रूंसकट, आणि आपल्या कामाच्या कोटाच्या खिशात ठेवलं. पुढचं सगळं मी खिशातून ऐकलं.

मुली जोडीने जायला लागल्या. एक आत, दुसरी बाहेर दार धरून. शिट्टीचं दार कोण धरणार? जी धरेल तिचंही नाव दारावर यायचं. चष्मेवाली नळापाशी यायची, थांबायची आणि निघून जायची. मावशी म्हणायच्या, “जा गं, मी उभी आहे,” पण मावशींना आख्खी शाळा झाडायची असते. तेव्हा शिट्टीने सोपा उपाय काढला. तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरलेली बाटली ती तशीच घरी न्यायची. दोन महिने.

मग एके दिवशी खेळाच्या तासाला ती कोसळली. अंगात सणसणून ताप. लघवी धरून धरून झालेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता, चार दिवस दवाखान्यात ठेवलं.

पाचव्या दिवशी तिची आई शाळेत आली. ती पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. कामावरूनच आली होती, हत्यारांची पिशवी खांद्याला. मोठ्या बाईंनी साक्षीला म्हणून मावशींना बोलावून घेतलं. म्हणजे मीही आले.

“तुमच्या मुलीचं प्रकरण जरा नाजूक आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिचं ते… वळण. तुम्हाला कल्पना असेलच.”

“नव्हती,” आई म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाहीस, तेव्हा तिने सगळं सांगितलं. एकाच दिवशी दोन गोष्टी कळल्या मला. माझ्या पोरीला मुली आवडतात, ही एक. ती मला अजून पचायचीय, खोटं कशाला बोलू. पण ती तिची नि माझी गोष्ट आहे, आम्ही बघू. दुसरी तुमची आहे. दाराला कडी का नाही?”

“सुरक्षिततेसाठी—”

“तुमच्या खोलीमागे संडास आहे ना? त्याला कडी आहे?”

मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले.

तेव्हा मावशींनी मला खिशातून काढून त्या कागदांवर ठेवलं. “मी त्या चौघींची नावं दिली होती,” त्या म्हणाल्या. त्यांची नोकरी कंत्राटी आहे, तरी बोलल्या. “तुम्ही नावं ठेवून घेतलीत आणि कड्या काढल्यात.”

आईने मला उचललं. परवानगी मागितली नाही. पिशवीतून पेचकस काढला आणि मला माझ्या जागी पिळलं. एक स्क्रू वाकडाच गेला. मग बाजारातून चार कड्या आणून उरलेल्या दारांनाही लावल्या. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. थांबवायची हिंमत झाली नाही.

आता मी परत कामावर आहे. टाळ्या वाजवू नका. गणिताच्या बाई अजून गणित शिकवतात. चौघींच्या घरी साधी चिठ्ठीही गेली नाही. मावशींचं कंत्राट वाढेल की नाही, कुणी सांगत नाही.

शिट्टी सोमवारी आली. बाटली अर्धी रिकामी होती. ती आत आली, तिने मला सरकवलं, आणि बाहेर कुणीतरी दाराला पाठ टेकून उभं राहिलं. मला वाटलं, झालं, आली मॉनिटर. मी घट्ट झाले.

“मी आहे,” चष्मेवाली बाहेरून म्हणाली.

“आता कडी आहे गं,” शिट्टी म्हणाली.

“माहितीये. तरी उभी राहते.”

मोठ्या माणसांनो, त्या पोरीला जे जमलं ते तुम्हाला का जमू नये? मी चार इंचांची कडी. मी दार धरीन, लाथा खाईन, पण आख्खी शाळा काही मला पेलणार नाही. हसणाऱ्या बाईंना गप्प करणं, चिठ्ठी वाचणारीला बाकावरून खाली उतरवणं, दारावरचा शब्द वर्गात नीट समजावून सांगणं, ही कामं माझी नाहीत. त्यांचा पगार तुम्ही घेता.

शिट्टीने डबा वर्गात खावा, हसावं, रुसावं, गणितं चुकवावीत. माझ्याकडे तिने फक्त लघवीपुरतं यावं.