श्रद्धांजलीचा नमुना

पूर्णिमा खळदकरला एक फोटो हवा होता. बाईचा, बाप्याचा, कुणाचाही चालला असता. फक्त त्या फोटोला हार घालायची परवानगी हवी होती. ती कोण देणार?

कसबा पेठेतल्या छापखान्यात तिने एकोणीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं. मग लोक सगळंच फोनवरून पाठवू लागले, मालकाने शटर ओढलं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती वारज्यातल्या एका खोलीत स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. इंटरनेटवर पियुष नावाचा एक चकचकीत पोरगा शिकवायचा की डिझाइन एकदा बनवा, आयुष्यभर विका, तुम्ही झोपलात तरी विक्री चालूच. त्या पोराने जन्मात एक तरी कार्ड लावलं होतं का, देव जाणे. पण त्याचं एक म्हणणं तिला पटलं, जे दुसरा विकत नाही ते विका. वाढदिवसाचे बॅनर विकणारे ढिगाने होते. श्रद्धांजलीचं डिझाइन, तेही धड मराठीत, कुणी विकताना दिसेना.

माणूस गेला की घरच्यांना सुचत नाही. त्यांनी फाइल उतरवायची, फोटो बदलायचा, नाव टाकायचं, की झालं. तिने मन लावून केलं. समईची ज्योत स्वतः काढली, हारातली एकेक शेवंती स्वतः काढली. राहिला फोटो. फुकटच्या फोटोंत सगळे गोरे, दात दाखवणारे म्हातारे. त्यांना हार घातला की ते जास्तच हसायचे.

समोरच्या सुशीलाबाईंना विचारलं तर त्यांनी दार अर्धं लावूनच घेतलं.

"तुमच्या जिभेला काही हाड? जित्या माणसाला हार घालता?"

"अहो, नमुना आहे नुसता."

"मग स्वतःचा लावा की!"

लावला. बँकेसाठी काढलेला होता, त्यात ती तशीही अर्धी मेलेलीच दिसत होती. खाली लिहिलं, 'येथे नाव लिहा'. मग 'जन्म' आणि 'मृत्यू', दोन्हींपुढे शून्यं. सगळ्यात खाली दुकानासाठी त्याच फोनात दुसरं सिम घालून घेतलेला नवा नंबर.

सकाळी अकराला तिने तो नमुना आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, 'माझ्या ऑनलाइन दुकानातलं पहिलं डिझाइन'. अकरा वीसला चुलतभाऊ आमोदने ते चित्र उचलून 'खळदकर परिवार' ग्रुपवर टाकलं. 'अत्यंत दुःखद. आपली पूर्णिमाताई गेली. घरच्यांनी तिच्याच फोनवरून कळवलंय.'

घरचे म्हणे. तिच्या घरी ती आणि एक फ्रिज.

आणि मग सुरू झालं. जोडलेले हात. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. त्रेसष्ट माणसं ग्रुपवर, त्यातली निम्मी शिकलेली, दोघं तर शिक्षक. पण 'येथे नाव लिहा' हे एकालाही वाचता आलं नाही. हार दिसला की यांचे अंगठे चालू. पूर्णिमा स्वतः त्या ग्रुपवर आहे, सगळं वाचतेय, हेही कुणाच्या ध्यानात नाही. फोन एकाचाही नाही.

'मी जिवंत आहे' असं तिने लिहून ठेवलं होतं. पाठवलं मात्र नाही. तिला बघायचं होतं, संजय काय करतो.

संजय तिचा सख्खा धाकटा भाऊ, कोथरूडला राहायचा. चार वर्षांपूर्वी आईच्या दहाव्याला, सगळ्यांदेखत, तिने त्याला विचारलं होतं, "आईला शेवटचे आठ महिने वृद्धाश्रमात का ठेवलंस रे?" त्यानंतर बोलणं बंद. विचारल्याचा तिला पस्तावा नव्हता. पण त्याचा फोन यावा असं चार वर्षं रोज वाटत होतं.

बाराच्या सुमारास फोन वाजला. स्क्रीनवर 'संजय'. मग दिसलं, फोन दुकानाच्या नंबरावर आलाय.

"हॅलो, ते श्रद्धांजलीचं डिझाइन तुमचंच ना?"

"हो... बोला."

"आमची ताई वारली आज. ते तुमचं डिझाइन फिरतंय त्यात नाव नाही, तारखा नाहीत. असं अर्धवट काम देता होय तुम्ही?"

गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची एकोणीस वर्षांची सवय. तिचा आवाज आपोआप कामाचा झाला. "चुकलं. आपण सांगा, मी लिहून घेते. नाव?"

"पूर्णिमा दत्तात्रय खळदकर."

"जन्मतारीख?"

"सप्टेंबर... हो, सप्टेंबरच. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे सत्याहत्तर धरा."

ती डिसेंबरची. तिने सप्टेंबरच लिहून घेतलं.

"काय झालं होतं त्यांना?"

"कळलं नाही अजून. एकटीच असायची. अटॅकच असणार. तोंडाने फटकळ होती, माणसं टिकायची नाहीत तिच्यापाशी. पण..." तो अडखळला. "आई कामाला जायची ना, माझा शाळेचा डबा तीच भरायची. दहावीपर्यंत."

पूर्णिमाने फोन कानापासून लांब धरला, मग परत लावला.

"अंत्यदर्शनाचा पत्ता टाकायचा असेल तर सांगा."

"वारज्यात राहते ती," तो म्हणाला. "आत कुठेतरी. पुलापलीकडे बहुतेक. थांबा, कुणाला तरी विचारून सांगतो."

"कुणाला विचारणार?"

"ग्रुपवर टाकतो, कुणीतरी सांगेलच."

"संज्या," ती म्हणाली, "मी बोलतेय."

"...ताई?"

"हो."

मग तो उसळलाच. "अगं, मग ग्रुपवर सांगायचंस ना! इथे साहेबांच्या पाया पडून रजा घेतली मी. तिकडे आमोद गाडी काढून निघालाय!"

"कुठे निघालाय? त्याला तरी ठाऊक आहे का मी कुठे राहते?"

संजयच्या मागे कुणीतरी चहाला हाक मारत होतं, तो "आलो, आलो" म्हणाला. ठेवतो आता, असं तिला वाटलं. तो ठेवायच्या आत ती बोलत सुटली.

"शारदा अपार्टमेंट. पिठाच्या गिरणीवरून आत वळलास की डाव्या हाताला. तिसरा मजला, लिफ्ट नाही."

"हां."

"जिन्यालगतचं दार. बेल बिघडलीय, कडी वाजव."

"हां, हां."

तो लिहून घेतोय की नुसतंच हां हां करतोय, तिला कळेना. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, सावकाश, एकेक शब्द तोडून.