डागदर आणि लिंबाची पानं

गल्लीत त्यांना सगळे 'डागदर' म्हणत. इंजेक्शनवाले नव्हेत हो, लाँड्रीवाले! शाई, तेल, गंज, कुठलाही डाग आणा. तो निघाल्याशिवाय या माणसाला घास गोड लागायचा नाही. "लग्न झाल्यावर माझ्या गालावरचा तीळही यांनी आधी पुसून बघितला," असं त्यांची बायको सांगते. खरंखोटं तिलाच ठाऊक.

तर या डागदरांकडे त्यांची आक्का राहायला आली. थोरली बहीण, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आई गेली तेव्हा डागदर सहा वर्षांचे होते. आक्कानेच त्यांना लहानाचं मोठं केलं. आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती एकटी राहणार, या विचाराने डागदरांचा जीव टांगणीला लागला होता. पण आक्का पक्की हट्टी.

"दोन महिने राहून बघते," ती म्हणाली. "तुझ्या अंगणात फुलपाखरं जन्मली तर कायमची राहीन. नाहीतर माझी बाग मला बरी."

त्या भागातल्या एकूण एक फुलपाखराची कुंडली तिला तोंडपाठ. लाँड्रीमागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांशेजारी, तिने खुर्चीत बसून बाग करून घेतली. सदाफुली, झेंडू, घाणेरी, आणि मधोमध मोठ्या कुंडीत कमरेएवढं लिंबाचं झाड.

"फुलं म्हणजे हॉटेल," ती भावजयीला म्हणाली. "खाल्लं-प्यालं, उडून गेलं. बाळंतपणाला माहेरच लागतं. काळ्या-पिवळ्या लिंबाळी फुलपाखराचं माहेर म्हणजे लिंबू."

लिंबाळ्या आल्या, अगदी झुंडीने आल्या. पानांवर मोहरीहून बारीक, पिवळसर अंडीही दिसली. पण पुढे काही नाही. एक अळी धड मोठी होईना. आक्काने मुंग्यांना शिव्या घातल्या, पक्ष्यांना घातल्या, शेवटी लाँड्रीच्या साबणावर घसरली. "तुझ्या अंगणात काही जगतच नाही, बंडू," असं म्हणून तिने रविवारची गाडी ठरवली.

डागदरांना काही सुचेना. त्यांनी काय करायचं ठेवलं होतं? रोज सकाळी, आक्का उठायच्या आत, ओल्या फडक्याने लिंबाचं पान न् पान ते पुसत होते. मेली पाखरं पानांवर शिटून ठेवायची, तपकिरी-पांढरे ठिपके. आक्काच्या झाडावर असली घाण? आपल्या हयातीत तरी नाही!

शनिवारी जड मनाने ते पानं पुसत होते. एक ठिपका निघेना. त्यांनी फडक्याचं टोक नखावर घेऊन हळूच घासलं, तर ठिपक्याने मान वर केली, दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि वर घाण वास सोडला. तीस वर्षांत कुठल्या डागाची ही हिंमत झाली नव्हती.

"अगं ए, धाव! डाग शिंगं दाखवतोय!"

बायको धावत आली, वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, याला तोंड आहे. पान खातोय तो."

डागदर कुंडीशेजारी बसून बोटांवर हिशेब करू लागले. रोज चार-पाच ठिपके, असे दोन महिने.

"वन्संना बोलू नका," बायको कुजबुजली. "ही एक अळी दाखवा नि गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मोह झाला, खोटं कशाला बोला. सांगितलं तर आक्का आजच निघेल, याची त्यांना खात्री होती. पण झाकलेला डाग जास्तच पक्का बसतो, हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना कोण सांगत आलं होतं? ते उठले आणि तडक आक्काच्या खोलीत गेले. ती बॅग भरत होती. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"रोज पुसायचास?" आक्काने विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही."

"गाढवा!" आक्का कडाडली. "पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहान अळी शिटेचं सोंग घेते! पक्षी बिचारे फसले आणि तू... अरे, जगात लाँड्रीवाला असतो हे तिला काय माहीत!"

बोलता बोलता तिलाच हसू फुटलं. इतकी हसली की गुडघा धरून पलंगावर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण का रे पुसत होतास?"

"तुला घाण दिसू नये म्हणून." डागदर म्हणाले. "तू राहावंस म्हणून, आक्का. दुसरं काय."



"साठ दिवस," आक्का हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कुणीतरी अंधारात उठून पानं पुसत होतं. आणि मी म्हणत होते, इथे काही जगत नाही." तिने बॅग त्यांच्याकडे ढकलली. "कपडे कपाटात लाव."

"पण फुलपाखरू कुठे झालंय अजून?"

"होईल की महिन्याभरात. मी कुठे चाललेय?"