स्मरणाच्या पानावरची दोन नावं

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला दोन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. मोठ्या कंपन्यांनी दारातही उभं केलं नाही, तेव्हा तिच्या वाट्याला चर्चची वेबसाइट आली. "देवाचं काम आहे बाई, चूक झाली तर थेट वर तक्रार," मैत्रिणींनी चिडवलं. तिलाही वाटलं, पाच-सहा पानांची साइट, म्हणजे हातचा मळ.

चर्चची कचेरी मागच्या अंगाला होती. लोखंडी कपाट, एक टेबल, मनाला येईल तेव्हा चालणारा प्रिंटर आणि तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या कारकून मावशी. मावशींनी कपाटातल्या वह्या काढून तिच्यापुढे रचल्या. उपासनेच्या वेळा झाल्या, गायनवृंदाचे फोटो झाले. पाळकसाहेबांना आणखी एक पान हवं होतं: 'आपल्याला सोडून गेलेले'. तिने वहीतली नावं एका बैठकीत टाइप केली. रविवारी उपासनेनंतर साइट सुरू झाली, टाळ्या वाजल्या, पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावून शाबासकी दिली.

बुधवारी कचेरीतला फोन वाजला. मावशी बँकेत गेल्या होत्या, म्हणून तिनेच उचलला.

"तुमच्या त्या यादीत माझं नाव आहे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "गेलेल्यांच्या."

"आपण कोण बोलताय?"

"तोच. गेलेला."

तिला आधी हसू आलं. मग त्याने शांतपणे नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि तिने वही पुढे ओढली. वहीत ते नाव होतं. वर बायकोचं नाव, तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली त्याचं.

मावशी परत आल्या, त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "हे शिंपीकाका. गायनवृंदाचे झगे शिवायचे. बाई गेल्या तेव्हा मीच लिहिलं. नवरा म्हणून खाली त्यांचं नाव टाकलं असेल."

"पण मावशी, तीन वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. "यायचेच बंद झाले ना ते. मला वाटलं, गेले असतील."

नाव काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण तिला चैन पडेना. कचेरी सुटल्यावर ती त्या पत्त्यावर गेली. तिसरा मजला, अरुंद जिना. काका चर्चला का येत नाहीत, ते तिला दुसऱ्या मजल्यावरच कळलं. त्यांनी काठीच्या आधाराने दार उघडलं. खिडकीशी शिलाई मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली.

"चूक माझी आहे, काका. एक फोन करून विचारायला हवं होतं."

"बस आधी," ते म्हणाले. "तुझ्यामुळे अकरा वर्षांनी माझ्या मुलाचा आवाज ऐकला मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलाला मशीनवर बसायचं नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, मी मेलो तरी तोंड दाखवू नकोस. तो दूर देशी गेला तो गेलाच. परवा त्याने ती यादी पाहिली आणि शेजाऱ्यांना फोन केला. शेजारीण फोन घेऊन धावत आली.

"मी म्हटलं, अरे, मी आहे, चुकून छापलंय. तो रडायला लागला. हसतही होता. मग म्हणाला, म्हणजे आईचंही चुकूनच असेल ना?"

तिने मान खाली घालूनच विचारलं,

"त्याला कळवलं नव्हतं?"

"शेवटच्या आठवड्यात ती म्हणायची, त्याला बोलवा. मी म्हणायचो, तू बरी हो, मग बोलवू. ती गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? आज सांगू, उद्या सांगू, तीन वर्षं गेली." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "माझं नाव चुकीचं होतं, पोरी. तिचं बरोबर होतं. ते ऐकल्यावर त्याने फोन ठेवून दिला."

दहा दिवसांनी साइटच्या 'संपर्क' पानावरून मुलाचा निरोप आला. आईला कुठे पुरलंय, एवढंच विचारलं होतं. तिने दफनभूमीची रांग आणि क्रमांक कळवला. कुणाला न विचारता खाली एक ओळ जोडली: काका एकटेच असतात, जिना उतरत नाहीत.

पुढच्या शनिवारी, आधी कचेरीत कळवून, तो आला. तिनेच त्याला जागा दाखवली आणि लांब जाऊन उभी राहिली. तासाभराने तो उठला, गुडघ्यांची माती झटकली.

"काकांकडे येताय ना? जवळच आहे."

"जे विचारायचं होतं ते आईला विचारायचं होतं," तो म्हणाला. "त्यांना काय विचारू?" आणि तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

ती एकटीच तिसऱ्या मजल्यावर गेली. काकांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. मावशींनी सकाळी फोन करून त्यांना कळवलं होतं.

"आला होता, काका. आईपाशी बराच वेळ बसला. गाडीची वेळ झाली होती, म्हणून..."

"हं," काका म्हणाले. तिचं खोटं त्यांनी तसंच राहू दिलं. "रडला का?"

"हो."

"अंगात काय होतं?"

"निळा शर्ट."

"खांद्यात बसत होता?"

तिने आठवून पाहिलं. "थोडा उतरल्यासारखा वाटत होता."

"विकतचा त्याला कधी बसलाच नाही. खांदे अरुंद आहेत त्याचे, आईवर गेलेत." त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "वाळलाय का गं फार?"

तिने तर त्याला आजच पहिल्यांदा पाहिलं होतं. तरी ती उठली नाही. काका बोलत राहिले, छाती, बाही, गळा, एकेक माप आठवून सांगत राहिले, आणि ती समोर बसून ऐकत राहिली. मापं सगळी अकरा वर्षांपूर्वीची होती.